जुनी पगडी, नवी सिस्टीम

वांगणगडच्या राणोजीराजांचा संगणक उघडेना! बटण दाबलं की पडद्यावर एकच ओळ येई : 'तुमची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली आहे. नवी घ्या.' आणि आत अडकलेली अकराशे घरांच्या बियाण्याची यादी! पेरणी चार दिवसांवर आलेली!

सिस्टीम विकणाऱ्या विसाजीशेठना निरोप गेला. उत्तर आलं, "नवी सिस्टीम शंभर मोहरांची. जुन्या संगणकावर ती चालत नाही, तेव्हा संगणकही नवा घ्या. नव्या संगणकाला जुना प्रिंटर चालत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो."

महाराज कपाळाला हात लावून देवडीवर येऊन बसले. "तीन किल्ले जिंकले आम्ही," ते पुटपुटले, "आणि एक खोकं आम्हाला 'कृपया थांबा' म्हणतं! आम्ही थांबतोही! सकाळपासून थांबलोय!"

देवडीवर पगड्या बांधणारी सगुणा फिसकन हसली.

"हसतेस?" महाराज भडकले. "मग तूच सोडव! एक कवडी न देता, नवं यंत्र न घेता उद्या संध्याकाळपर्यंत यादी काढून दे. नाहीतर देवडी सोड!"

सगुणाचं हसू विरलं. तिच्या घरची चूल याच कामावर पेटत होती. तिनं समोरच्या नव्या पगड्यांच्या ढिगाकडं पाहिलं. महाराजांच्या हुकमानं दर पाडव्याला दरबारी पोशाखाचा रंग बदले आणि सगळ्यांना तो सरकारी कोठीतूनच विकत घ्यावा लागे. यंदा पाळी जांभळ्याची होती.

"शेठला उद्या दरबारात मानानं बोलवा, महाराज," तिनं पदर खोचला. "फुडचं मी बगते."

मानाचं निमंत्रण म्हटल्यावर शेठ धावतच आले. देवडीवर सगुणानं हात आडवा केला.

"पगडी मागल्या सालची हाय, शेठ. आत जाता येनार न्हाई!"

शेठनी कुरकुरत जांभळी पगडी घेतली.

"नव्या पगडीखाली जुना अंगरखा चालत न्हाई."

शेठनी दात खात अंगरखाही घेतला.

"आता ह्या अंगरख्याला हे जोडे..."

"अगं बाई!" शेठ किंचाळले. "डोकं तेच, माणूस तोच! काल धड असलेली पगडी आज कुजली का?"

"मग तुमीच निवाडा द्या. महाराज ऐकत्यात."

वरच्या सज्जातून महाराजांनी मान डोलावली.

"जी वस्तू धड आहे, ती केवळ जुनी म्हणून कुणी अडवू नये!" शेठ गरजले.

"लिहून द्या."

रागाच्या भरात शेठनी लिहिलं आणि खाली सही ठोकली! सगुणानं तो कागद घेतला, शेठना हाताला धरून थेट संगणकासमोर नेलं आणि म्हणाली, "हा बी धड हाय, शेठ. फकस्त जुना हाय म्हनून अडवलाय!"

शेठचा चेहरा जांभळ्या पगडीला शोभेसा झाला. सही तर स्वतःचीच! त्यांनी मुकाट्यानं चार बटणं दाबली. ओळ पुसली गेली आणि जुना प्रिंटर खडखडत यादी छापू लागला.

"कसे सापडले!" मागोमाग खाली आलेल्या महाराजांनी टाळी वाजवली.

सगुणा मात्र जागची हलली नाही. "महाराज, ह्यो निवाडा देवडीला बी लागू करायचा न्हवं?"

महाराजांचा हात आपल्या डोक्याकडं गेला. कपाटातल्या सतरा पगड्या त्यांना आठवल्या. सतराही धड!

"म्हणजे ते खोकं आमचं जे करत होतं..."

"त्येच तुमी दर पाडव्याला आमचं करताय!"

महाराज इतके हसले, की पगडी घरंगळत शेठच्या पायाशी गेली. "शेठ, तुम्ही परवडलात! लोकांना अडवायला आम्हाला तर खोकंही लागलं नाही!"

पगडीचा हुकूम तिथंच रद्द झाला. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणापुढं धरलं.

सगुणानं ते उलटसुलट करून पाहिलं. "घेते, महाराज. पन फुडल्या पाडव्याला ह्ये जुनं तर हुनार न्हाई न्हवं?"