चौफुलीवरची कमान

“मग रस्ता कुणाचा ठरला?” दर्ग्यातल्या नूरबाबांनी विचारलं.

“कुणाचाच न्हाई, बाबा!” सरपंच दौलतराव घोगऱ्यांनी हातातल्या फायलीवर थाप मारली.

चौफुलीवर गतिरोधक मागितला, तर बांधकाम खातं म्हणे, रस्ता जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषद म्हणे, तो आमच्या ताब्यात कधी आलाच नाही. दोघांकडूनही हे लेखी आणणारा माईचा लाल अख्ख्या तालुक्यात एकच होता, आणि तो दर्ग्याच्या ओट्यावर छाती फुगवून बसला होता.

“परवा चौफुलीवर अंगणवाडीच्या सुलाबाई टेम्पोखाली गेल्या,” बाबा म्हणाले. “सोमवारी शाळा भरतीय.”

“म्हणून तर आता थेट मंत्रालय गाठतो! रस्त्याला मालक मिळवून दिला न्हाई, तर नावाचा दौलत घोगरे न्हाई.”

बाबा उठले. “चल.”

चौफुली हाकेच्या अंतरावर होती. तिथंच, अगदी वळणावर, दौलतरावांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेली कमान उभी होती. खोलीएवढे रुंद दोन खांब, वर कळस, आणि सोनेरी अक्षरांत ‘कै. आबाजी घोगरे प्रवेशद्वार’. पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती. तिच्याकडे बघताना दौलतरावांना आजही भरून यायचं.

बाबांनी त्यांना खांबापाशी उभं केलं. “आता रस्ता वलांड.”

दौलतरावांनी उजवीकडे पाहिलं. खांब. डावीकडे पाहिलं, मोकळं. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं...

बाबांनी सदरा धरून त्यांना मागं खेचलं. उसाचा ट्रक नाकासमोरून गेला.

 दौलतरावांनी वळून खांबाकडे पाहिलं.

“ही कमान कुणाची?” बाबांनी विचारलं.

“...आमची.”

बाबांनी खांबाआड गेलेल्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

“पाडू म्हणता?” दौलतरावांचा आवाज चढला. “बाबा, ह्या रस्त्यासाठी माझ्या बापानं सोताच्या रानातली पट्टी फुकट सोडली. साऱ्या गावात दुसऱ्या कुणाची छाती झाली न्हाई! त्येंचं एवढं नावसुदिक ऱ्हाऊ ने?”

डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मान ताठ होती.

बाबांनी खांबावरून सावकाश हात फिरवला.

“लई मोठ्या मनाचा माणूस,” ते म्हणाले. “त्यानं लोकांला वाट दिली... आन् तू त्यालाच वाटंत उभा केलास व्हय रे?”