शेपटीचं तेल

माणसांच्याही आधी प्राण्यांनी दुकानदारी सुरू केली होती, त्या काळची ही गोष्ट. एकदा कोल्होबा चिंचेखाली येऊन ठुमकी खारीला म्हणाले, "ताई, शेंगा वेचत उन्हातान्हात कशाला फिरता? शेपटी झुपकेदार करणारं हे तेल घरबसल्या विका. शेंगा देऊन बाटल्या घ्या, आणखी विकणारे जोडा आणि मग नुसतं बसून खा!"

ठुमकी हुरळली. साठवलेल्या सगळ्या शेंगा देऊन तिनं ढोली बाटल्यांनी भरली. पिल्लं फांदीवर झोपू लागली. पण मुंगूस, माकड, घूस, ज्याच्या दारात जावं तिथे तेच तेल विकायला मांडलेलं! घेणारं कुणीच नाही. घरी पिल्लं भुकेनं कच्च्या चिंचा चघळू लागली.

उरला फक्त तळ्यातला बेडूक. मन घट्ट करून ठुमकी त्याच्याकडे गेली. "बेडूकभाऊ, जरा शेपटीबद्दल बोलायचं होतं."

"बसा ना ताई!" म्हणत बेडकानं दगडाआडून तीच बाटली काढली. "किती देऊ?"

"अहो, पण तुम्हाला शेपटीच नाही!"

"लावायला लागते," बेडूक म्हणाला. "विकायला कशाला?"

ठुमकी हसायला गेली आणि एकदम थबकली. तिनं तरी स्वतःच्या शेपटीला एक थेंब कुठे लावला होता?