न कापलेलं रोप

"मग शेजारीच बसणाऱ्यांपर्यंत का नाही पोचली ती कल्पना?" विश्राम गुरुजींनी विचारलं.

शाल्मलीला नेमका हाच प्रश्न नको होता. चांगली नाचत आली होती बाई! एका विद्याशाखेतली कल्पना दुसरीत कशी पसरते, याचं मॉडेल तिनं रक्त आटवून तयार केलं होतं. ज्या शाखा जवळच्या, सतत एकमेकींशी बोलणाऱ्या, त्यांच्यात कल्पना लवकर जाते. उद्या प्रबंध द्यायचा होता. त्याआधी शाबासकी घ्यायला ती थेट गुरुजींच्या राजापूरच्या बागेत येऊन थडकली. जन्मभर संख्याशास्त्र शिकवून गुरुजी आता आंब्याची कलमं बांधत.

"माशांच्या थव्याचं गणित वाहतूकवाल्यांनी झटकन उचललं, गुरुजी! मॉडेल अगदी तेच सांगतं. फक्त वैद्यकवाले... मासेवाल्यांच्याच मजल्यावर, चहासुद्धा एकत्र. तरी ढिम्म! तिथले आकडेच चुकलेत. मी ते गाळणार."

गुरुजींनी आंब्याची एक काडी टोकाला तिरकी तासली, तिच्या हातात दिली आणि पुढ्यात एक रोप सरकवलं.

"बांध."

एवढंच ना! शाल्मलीनं काडी रोपाला टेकवली आणि वरून पट्टी करकचून गुंडाळली.

"वारा आला तरी हलायची नाही!"

"जगेल?"

"न जगायला काय झालं? इतकी चिकटून तर..."

गुरुजी रोपाच्या खोडावरून अंगठा फिरवत राहिले. सालीवर साधा ओरखडाही नव्हता.

...

"अगं बाई! रोपाला काप दिलाच नाही मी!"

शाल्मली ताडकन उभी राहिली.

"गुरुजी, वैद्यकवाल्यांचं काही अडलंच नव्हतं! त्यांची जुनी रीत शाबूत होती, कल्पना शिरणार कुठून? वाहतूकवाल्यांची पार मोडली होती. आकडे बरोबर आहेत! मी नुसती जवळीक मोजत बसले!"

तिनं घाईघाईनं पिशवीतली वही काढली.

"आत्ताच बसते. मॉडेलला धक्कासुद्धा लावायला नको. वरून एक समीकरण जोडलं की झालं!"

गुरुजींनी चाकू धोतराला पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"जोडशील. आधी मॉडेल कुठं कापतेस, ते दाखव."