कबरीचा कळप

सांगा बरं, मटण बंद झालं तर मेंढरं पाळणार कोण? फार वर्षांमागे रावजी पाटलांनी गावात मटण बंद केलं आणि धनगराचा कळप वेशीवरच अडवला. कबरी मेंढीला वाटलं, आता आपला कळप मोडणार.

"अगं, तुम्हाला कापतात ते बरं वाटतं का?" पाटलांनी विचारलं.

"खोटं कशाला बोलू, भीती वाटतेच. पण खाणारे आहेत म्हणून धनगर आम्हाला लेकरांसारखं सांभाळतो."

तेवढ्यात पाटलांचं शेत तडकलं, "पाटील, या मेंढ्या माझ्यात मुक्कामाला बसायच्या, त्यांच्या लेंड्यांवर माझी ज्वारी पोसायची. आता काय तुमचा उपदेश खाऊ?"

पाटील ओशाळून हसले आणि त्यांनी वाट सोडली. कबरीच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतभर लेंड्या पसरल्या होत्या आणि पाटलांच्या चुलीवर मटणाचा रस्सा रटरटत होता.