बागेला माती किती?

गावाचे नाव मला नक्की आठवत नाही, पण तिथल्या रायाजीराव सरदारांना गढीमागच्या पाणथळ जागेत बाग करायची होती.

मिशीवर ताव देत ते म्हणाले, "जमीन कमरेइतकी उचलायला खालच्या गावातल्या सगळ्या शेतांची वरची माती लागेल."

ते गाव म्हणजे धाकट्या सुनेचे, गोजराचे माहेर. ती म्हणाली, "मामंजी, हिशेबात तळे धरले का? बागेतच खणा. निघेल ती माती भोवती टाका."

"कमी पडली तर?"

"तळे वाढवा. माती वाढेल, भरायची जागा घटेल. कुठेतरी पुरेलच."

सरदार हसले. "म्हणजे तळे हवेच?"

"ते होणारच, मामंजी. इथे नाही खणले, तर माझ्या माहेरच्या शेतांत होईल."

कुदळी गढीमागेच चालल्या.