गोजीवर राज्य आलं

टेकडीच्या पायथ्याशी निळ्या दाराची एक इवलीशी बालवाडी होती. पाच वर्षांच्या गोजीला तिची आई रोज कडेवर घेऊन तिथे सोडायची आणि केरसुण्या विकायला जायची. गोजीच्या फ्रॉकला तीन ठिगळं होती. पायांत बळ नव्हतं, म्हणून ती हातांवर सरकत जायची, पण काय भरभर!

मुलं अंगणात शिवणापाणी खेळायची. गोजी म्हणायची, "मी पण!" मग मल्हारी म्हणायचा, "ये की. पण तू लिंबूटिंबू हं!"

लिंबूटिंबू म्हणजे खेळात असून नसल्यासारखं. त्याला कुणी शिवत नाही, त्याच्यावर कधी राज्य येत नाही. मुलांना वाटायचं, आपण किती गुणी! गोजीला मात्र रडू यायचं. तिला एकदा, फक्त एकदा, स्वतःवर राज्य हवं होतं.

एके दिवशी ती जास्वंदीखाली रुसून बसली. तेवढ्यात एक लालचुटुक कळी उमलली आणि आतून बोटभर परी निघाली. पंख सोनेरी, कानांत दवबिंदूंचे डूल!

"गोजीबाई, या तीन पाकळ्या घे," परी हळूच म्हणाली. "एका पाकळीला एक इच्छा. खेळातलं हवं ते बदल. मुलांना मात्र बदलायचं नाही."

"माझे पायसुद्धा नाही?"

"नाही गं राणी."

गोजीने डोळे पुसले. "बरं. मग मी खेळच बदलते!"

तिने पहिली पाकळी फुंकली. "सगळ्यांनी बसून खेळायचं!"

मुलं टुणकन खाली बसली. गोजी खूश! पण मल्हारी रडकुंडीला आला. "गोजे, मला पळायचंय गं!"

गोजीला फार वाईट वाटलं. आपलं रडू त्याला देऊन काय मिळवलं? "असं नको," ती म्हणाली आणि तिने दुसरी पाकळी फुंकली. "गोल रिंगणात खेळायचं, आणि हाताने नाही, चेंडूने शिवायचं!"

अंगणात चमचमतं रिंगण उमटलं. सातरंगी चिंध्यांचा मऊमऊ चेंडू गडगडत आला. पळणारे पळाले, सरकणारी सरकली. गोजीने दोनदा चेंडू चुकवला! आता कुणी तिला लिंबूटिंबू म्हणेना.

एकच पाकळी उरली. 'पुढचं राज्य माझ्यावर,' असं मागायला गोजीने तोंड उघडलं, आणि तिला सदू दिसला. सदूला ऐकू येत नसे. मुलं राज्य कुणावर ते ओरडून सांगत होती, आणि सदू बिचारा गोंधळून कडेला उभा होता.

गोजीने ओठ घट्ट मिटले. पाकळीकडे एकदा पाहिलं. मग जोरात फुंकर मारली. "ज्याच्यावर राज्य, त्याच्या गळ्यात पिवळा रुमाल!"

मल्हारीच्या गळ्यात पिवळाधमक रुमाल झळकला. सदू हसला आणि रिंगणात धावला. थोड्याच वेळात मल्हारीचा चेंडू सदूला लागला, आणि रुमाल भुर्रकन त्याच्या गळ्यात आला. सदूने चेंडू उचलला, नेम धरला...

धप्प! चेंडू गोजीच्या पाठीत बसला.

"गोजीवर राज्य! गोजीवर राज्य!" मुलं ओरडली आणि खरोखर घाबरून पळाली.

जास्वंदीत सोनेरी उजेड लखलखला, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली. गोजीने तिकडे पाहिलंच नाही. गळ्यातला पिवळा रुमाल सावरत, चेंडू छातीशी धरून ती ओरडली, "पळा रे पळा! कुणालाच सोडणार नाही!"