पानावरचं मीठ

“मग यात माझं काय चुकलं, तेवढं सांगा, माई!”

दिनकरराव आवताड्यांचा आवाज मठाच्या पडवीत जरा मोठाच उमटला. वडघर गावात त्यांचं खताचं दुकान. गावातली कुठलीही बैठक त्यांच्यावाचून सुरू व्हायची नाही. असा माणूस चटईवर बसला तरी गादीवर बसल्यासारखाच बसतो.

साळूमाई संध्याकाळसाठी मेथी निवडत होती. मठाची गुरू म्हणा, धनीण म्हणा, स्वयंपाकीण म्हणा, सगळं तीच. नव्वदीला टेकलेली. तिनं मान वर केली नाही.

“कशात चुकलं?”

“ग्रुपात. मोबाईलवरच्या. ‘आपलं वडघर’. मीच सुरू केला, मीच चालवतो. नऊशे माणसं आहेत, पण भांडण म्हणाल तर नावाला नाही. सकाळी मी एक ओळ टाकायचा अवकाश, दुपारपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागते. शेजारच्या गावचा ग्रुप बघा, नुसता कालवा!”

“नऊशे माणसं. आणि भांडण नाही.”

“एकही नाही.”

“जिवंत आहेत ना?”

पत्रावळी पुसत बसलेली मथुरा फिसकन हसली. ती मठातच राहायची, वाढपाचं काम तिच्याकडे. दिनकरराव मात्र हसले नाहीत.

“चेष्टा नको, माई. पोरगा माझ्याशी बोलत नाही. सून गेल्यापासून... शब्द नाही. काल मीच म्हटलं, बाबा रे, काही तरी बोल. तर म्हणाला, ‘तुमचं काय चुकलं ते तुमच्या नऊशे माणसांना विचारा.’”

“मग विचारलंस?”

“विचारलं.”

“काय म्हणाली?”

दिनकररावांनी घसा खाकरला.

“म्हणाली... दादा, तुमचं काही चुकलं नाही.”

“सगळी?”

“सगळी.”

माईनं मेथीची काडी मोडली.

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

...

दिनकररावांनी खिशातला मोबाईल नुसता चाचपला. लोकांना निरुत्तर करण्यात हयात गेलेला माणूस. ही चव त्यांना नवी होती.

“बस,” माई म्हणाली. “नैवेद्य दाखवून झालाय. जेवून जा.”

ओसरीवर पंगत बसली. मठाची नेहमीची माणसं, वीसेक असतील. माई ओळीच्या टोकाला; एरवी ती ताकभातावरच भागवायची, आज पाहुण्यासोबत तिनंही आमटी घेतली. मथुरा वाढत निघाली. आधी पानाच्या कोपऱ्यात मीठ, मग भात, मग आमटी. आमटी माईच्या हातची. आधी देवाला दाखवायची, म्हणून चुलीवर असताना ती कोणी चाखायची नाही, हा मठाचा जुना नेम.

दिनकररावांनी पहिला घास घेतला आणि ते थबकले.

आमटीत मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच.

त्यांनी डावीकडे पाहिलं. झांज वाजवणारे लिंबाजीबुवा डोळे मिटून भुरके मारत होते. उजवीकडे पाहिलं. तिकडेही तेच.

“आमटी कशी झालीय रे?” माईनं टोकावरून विचारलं.

“अमृत, माई!” लिंबाजीबुवा म्हणाले.

“तुमच्या हाताची चव दुसऱ्या कुणाला यायची नाही,” पलीकडून एकजण.

“वा!”

“वा, वा!”

पानामागून पान करत ती ‘वा’ दिनकररावांपर्यंत आली. नऊशे माणसांचा धनी. म्हणायला काय हरकत होती खरं ते?

“फार छान,” ते म्हणाले. आणि कोपऱ्यातलं मीठ हळूच बोटानं ओढून आमटीत कालवलं.

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर माईनं आपला घास तोंडात घातला.

घास तोंडातच राहिला.

ती एकेका पानावरून नजर तेवढी फिरवत गेली. तिच्या नजरेमागून दिनकररावांचीही गेली. लिंबाजीबुवांच्या पानावरचं मीठ संपलेलं. त्यांच्या पलीकडच्याचं संपलेलं. त्याच्याही पलीकडच्याचं. ओळीनं सगळ्या पानांचे कोपरे रिकामे.

“मथुरे, कधीपासून?”

मथुरेनं पळी खाली ठेवली. “काय, माई?”

“मी मीठ विसरतेय ते.”

मथुरा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी लिंबाजीबुवाच बोलले, खालमानेनं.

“बरेच दिवस झाले, माई. कधी असतं... कधी नसतं.”

“आणि तू अमृत म्हणतोस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“वाईट वाटून मेले असते का रे मी, मुडद्या?”

कोणी हसलं नाही. माईनं आपलं पान थोडं पुढे सारलं. रागानं म्हणावं, तर डोळ्यांत राग नव्हता.

“माझ्या जोडीला मठात इंदू होती तोवर सांगायची,” ती म्हणाली. “पहिल्या घासाला ओरडायची, ‘म्हातारे, मीठ!’ चारचौघांत. वीट यायचा मला तिचा. ती गेली, तेव्हा रडले. पण खोटं कशाला बोलू, कानांना जरा बरंही वाटलं.”

...

“देवानं किती दिवस अळणी खाल्लं असेल माझ्या.”

दिनकररावांचा घास हातातच होता. तो त्यांनी पानात ठेवला.

“माई... आमच्याकडेही एक होता.”

“कोण?”

“बापू लोणारे. माझ्या बरोबरीचा. एका बाकावर शिकलो आम्ही. काहीही लिहा, बापूचा फाटा फुटणारच. तर ग्रुपात पाण्याच्या टाकीचा फोटो आला. टाकी धुतली, पाणी एकदम स्वच्छ. सगळ्यांनी टाळ्या टाकल्या. बापूनं लिहिलं, ‘वर चढून कुणी बघितलं?’ मी म्हटलं, अरे, एवढे लोक सांगतायत ना! तर म्हणाला, ‘एवढे लोक कुठे सांगतायत? एकच फोटो नऊशे तोंडांनी बोलतोय.’ रोज तेच. रोज तेच! मग काढलं मी त्याला.”

“काढलं म्हणजे?”

“ग्रुपातून बाहेर केलं. बटण असतं त्याला.”

“पंगतीतून उठवलंस.”

“तसं नाही हो, माई...”

“भरल्या पानावरून.”

पंगतीतून उठवलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, ते दिनकररावांनी लहानपणी एका लग्नात पाहिलं होतं. बटण दाबताना कुणाचं तोंड दिसत नाही.

“पुढे?”

“पुढे तो दारोदार फिरला. ‘पाणी उकळून प्या, पाणी उकळून प्या.’ आमच्या ग्रुपात त्याची टिंगल चालली होती. ‘बापूचंच डोकं उकळलंय’ असं मीच लिहिलं. लोक फार हसले... मग कावीळ आली गावात. घरटी एक. वैजू, माझी सून, दोन जिवांची होती. सातवा सरत आला होता.”

ओसरीवर भुरक्यांचा आवाज कमी झाला.

“तिनं मला विचारलं होतं, माई.”

“काय?”

“‘मामंजी, बापूकाका आले होते. पाणी उकळून घेऊ का?’” दिनकररावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. उजवा खरकटा होता, त्याचंही भान नव्हतं. “मी मोबाईल तिच्यापुढे धरला. म्हटलं, वाच. सगळं गाव काय म्हणतंय ते वाच. त्या खुळ्याचं काय ऐकतेस?”

...

“वाचलं तिनं. हंड्यातला तांब्या भरून घेतला आणि माझ्यासमोर प्याली.”

माईनं पाण्याच्या भांड्याकडे नेलेला हात मागे घेतला.

“पोरगा आता रोज पाणी उकळतो. ठेवतो, आणि पातेलं कोरडं होईस्तोवर बघत बसतो. मग परत भरतो. मी दारात उभा राहतो. आत जायचा धीर होत नाही...”

ते उठले. पान तसंच टाकून चपलांकडे निघाले.

दोन पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मागे सगळं थांबलंय. त्यांनी वळून पाहिलं. लिंबाजीबुवांचा घास ओठांपाशी थांबला होता. कुणाचा हात द्रोणात होता, कुणाचा भातावर. वीस माणसं नुसती बसून होती. एक उठला की पंगत उठली, मग घास घ्यायचा नाही, हा जुना रिवाज दिनकरराव विसरले होते. त्या माणसांच्या हातांना तो आठवत होता.

“बस, दिनकर,” माई म्हणाली. “तुझ्यापायी माझी माणसं उपाशी राहतील.”

ते परत येऊन पानावर बसले. मगच वीस हात चालू झाले.

माईनं जरा जाऊ दिलं.

“बापू उठला, तेव्हा किती हात थांबले रे तुझ्या पंगतीतले?”

दिनकररावांनी पानाच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

“एकही नाही.”

माईनं पुढचा घास कालवला.

“अंगठे आले, माई. ‘बरं केलंत, दादा.’ उभे अंगठे. मी ते मोजत बसलो होतो.”

“आणि सून गेली तेव्हा?”

“श्रद्धांजल्या आल्या. एकीसारखी एक. पाण्याबद्दल एक अक्षर कुणी लिहिलं नाही.” ते थांबले. “मीही नाही.”

नंतर पंगत उठली, ती सगळी एकदम. हात धुऊन माणसं पांगली. मथुरा पत्रावळी गोळा करायला लागली. दिनकरराव चुलीपाशी आले. आता त्यांना चटईही लागली नाही. जमिनीवरच टेकले.

“मी त्याला परत घेतलं होतं, माई. ग्रुपात. एकदा नाही, कितीदा. मी घेतो, आणि तो तिथल्या तिथे निघून जातो. एक शब्द बोलत नाही.”

“घरी गेलास?”

“नाही.”

“घर लांब आहे?”

“चार घरं सोडून.”

“मग?”

“दार उघडलं नाही तर?”

माई चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. पाणी शिंपडून तिनं ते विझवलं.

“आणि उघडलं तर?”

...

दिनकररावांनी उपरण्यानं तोंड झाकून घेतलं. गावातल्या कुणीही त्यांना असं पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या नऊशेतल्या तर कुणीच नाही.

माईनं फळीवरचा डबा काढला. पळीनं आमटी ढवळली, डबा काठोकाठ भरला, झाकण हातानं दाबून लावलं.

“ही बापूकडे ने. म्हणावं, साळूमाईनं दिलीय. चाखून सांग, कशी झालीय.”

“मी नेऊ?”

“मग काय बटण दाबून पाठवतोस?”

त्यांनी डबा घेतला. गरम होता. उपरणं त्याखाली धरलं. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि चुलीशेजारच्या मिठाच्या बरणीकडे हात नेला.

माईनं त्यांचं मनगट धरलं. वाळल्या काटकीसारखी बोटं, पण सुटेनात.

“अळणीच ने,” ती म्हणाली. “मीठ बापूच्या घरी आहे.”